समोरचीचा हत्ती

प्रिय सई आणि निहार,

गेल्या रविवारी फोनवर सई म्हणाली की ती शाळेतला बुद्धिबळाचा क्लब सोडणार आहे. मी कारण विचारलं. "आजी, तिथे आता मी एकटीच मुलगी उरलेय," असं उत्तर आलं. मग निहारने फोन हिसकावून घेतला आणि विषय त्याच्या पडलेल्या दाताकडे गेला. क्लब सोडायचा की नाही हे सईनेच ठरवायचं आहे, आणि तुमच्या आईने मला मध्ये पडायला सांगितलेलं नाही. पण फोन ठेवल्यापासून मला सोलापूरच्या बिराजदार बाई आठवताहेत. त्यांच्याबद्दल मी तुम्हाला कधीच काही सांगितलं नाही, हे लक्षात आलं, म्हणून आता लिहायला बसले.

तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो. अडेल तिथे बाबांना विचारा. पुढे मुलींच्या मासिक पाळीबद्दल येईल, तेही निहारने वाचायचं आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. तेव्हा सगळेच ते लपवत होते, म्हणून तर मी सांगते आहे ते घडलं.

तुमचे आजोबा बँकेत होते. सत्तरच्या दशकात त्यांची सोलापूरला बदली झाली आणि मला तिथल्या मुलींच्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली. बिराजदार बाई भूगोल शिकवत, आणि मुलींना बुद्धिबळही. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, उंच, रुंद खांद्यांच्या. इरकली साडी, हातात पुरुषी काळी छत्री. सोलापूरच्या उन्हात त्या कधी घाईने चालताना दिसल्या नाहीत. फळ्यावर भारताचा नकाशा एका दमात काढत, आणि काढून झाला की श्रीलंका हमखास विसरत. मुली म्हणत, "बाई, लंका राहिली." बाई खडू खाली ठेवून म्हणत, "राहू दे की. आपल्याला कुठं जायचंय तिथं?"

त्यांचं घराणं लिंगायत, अक्कलकोटकडचं. घरात कन्नड, बाहेर मराठी. मुलगी चुकीची खेळी करायला निघाली की त्या एवढंच म्हणत, "नोडु." म्हणजे 'बघ'. मराठी, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या सगळ्या मुलींना हा एक कन्नड शब्द पाठ झाला होता. वर्गात एखादी मुलगी उत्तर चुकली तर मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच "नोडु" म्हणे, आणि माझा इंग्रजीचा तास हसण्यात जाई.

बुद्धिबळ शनिवारी चाले. सकाळची शाळा सुटली की सभागृहाच्या बाजूला नकाशे ठेवायची एक अंधारी खोली होती, तिथे. गुंडाळलेल्या नकाशांच्या मध्ये सतरंजी टाकून मुली बसत. पट कापडाचे, बाईंनी स्वतः शिवलेले. मोहरे लाकडी, आणि ते शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यांत ठेवलेले असत. डबे कितीही घासले तरी वास जात नसे. आमच्या मुली राजाला शह देत तेव्हा त्याला लसणाचा वास यायचा.

बाई शाबासकी देत नसत. त्यांच्या कमरेला बडीशेपेचा बटवा असे. जिंकलेल्या मुलीकडे त्या बघतही नसत. हरलेलीला विचारत, "कुठं हरलीस?" शेवटची खेळी सांगितली तर मान हलवत. "ते मरण झालं. आजारी कधी पडलीस ते सांग." मुलगी डाव उलटा लावत लावत मागे जाई आणि चूक सापडली की बाई बटवा उघडून तिच्या तळहातावर बडीशेप टेकवत. त्यामुळे आमच्या शाळेत एक चमत्कारिक प्रकार होता. मुली बडीशेप मिळाली हे घरी अभिमानाने सांगत, आणि ती हरल्यावरच मिळते हे सांगत नसत.

पालकांशी त्या कधी वाद घालत नसत. बुद्धिबळाने हुशारी वाढते, गणित सुधारतं, असलं काही त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं नाही. एकदा एक वडील तक्रार घेऊन आले. मुलीच्या जातीला हे शोभत नाही, तिनं मान खाली घालून बसायला शिकावं, असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणाल्या, "या की शनिवारी बघायला. दोन दोन तास मान वर करत न्हाईत." ते गृहस्थ खरंच आले, बघून गेले, आणि मुलगी येत राहिली.

त्या स्वतः हा खेळ कशा शिकल्या, ते त्यांनी मला एकदा सांगितलं. लग्न होऊन त्या सासरी आल्या तेव्हा सासऱ्यांचा बुद्धिबळातला जोडीदार नुकताच वारला होता. सासरे ओसरीवर पट मांडून एकटेच बसत. नव्या सुनेने सासऱ्यांसमोर यायचं नाही, बसायचं तर नाहीच.

"मी भाकरी करता करता दाराच्या फटीतनं बघायची," बाई म्हणाल्या. "एक दिवशी त्यांचा वजीर मरत होता. माझ्या तोंडातनं निघून गेलं, वजीर हलवा. ते दचकले. मला वाटलं, आता काय खरं न्हाय. तर म्हणाले, कुटं हलवू?"

त्या दिवसापासून सासरे ओसरीवर आणि सून दाराआड. बाई आतून खेळी सांगत, सासरे दोन्हीकडचे मोहरे हलवत. सात-आठ वर्षं हा खेळ चालला, आणि दोघं एकदाही समोरासमोर बसले नाहीत. पट मनात ठेवायची सवय बाईंना तिथेच लागली. तो डाव देशी पद्धतीचा, त्यात प्यादं नेहमी एकच घर चाले. पुढे शाळेत मुलींना शिकवायचं ठरल्यावर त्यांनी माझ्याकडून इंग्रजी नियमांचं पुस्तक वाचून घेतलं. एक एक नियम ऐकून त्या म्हणत, "बरं. हे बी चालंल."

बाईंची खरी अडचण मुली यायला लागल्यावर सुरू झाली. पाचवी-सहावीत खोली भरून मुली असत. आठवी आली की एक एक गळायला लागे. पाणी भरणं, धाकटी भावंडं, स्वयंपाक. "चांगली खेळायला लागली की घरची तिला न्यायला येतात," बाई म्हणत.

आणि मग पाळीचे दिवस. तेव्हा बहुतेक घरांत, आमच्याही घरी, पाळी आलेल्या मुलीला चार दिवस बाजूला बसवत. तिने कशाला शिवायचं नाही. चूल, पाणी, देव, कपडे, माणसं, काही नाही. लहान मुलांना सांगत, तिला कावळा शिवलाय. मुलगी शाळेतही येत नसे. पोत्यावर बसून राही.

बाकीच्या आम्हा शिक्षिकांना ती गैरहजेरी दिसे. बाईंना त्यात वेगळंच दिसलं. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता त्या मला म्हणाल्या, "अहो कुलकर्णी बाई, सगळा महिना ह्या पोरींना घटकाभर सवड न्हाय. अन् ह्या चार दिवसांत त्यांना कुणी काम सांगू शकत न्हाय. भिंतीकडं बघत बसतात. मग डाव मांडायला काय हरकत हाय?"

"पण त्यांना शिवायचं नाही ना कशाला," मी म्हटलं.

"शिवायचं कशाला? मी न शिवताच शिकले की."

राजमणी तेव्हा आठवीत होती. शहराच्या पूर्व भागात तेलुगू विणकरांची वस्ती आहे, तिथली. घरात दोन माग, बाप आणि काका चादरी विणत, आणि शाळेआधी व शाळेनंतर कांड्या भरणं, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळणं, हे राजमणीचं काम. बारीक, काळीसावळी, फार कमी बोलणारी. शाळेत तिच्याइतकं चांगलं कुणीच खेळत नव्हतं. बाई पहिल्यांदा तिच्या घरी गेल्या त्या दिवशी मी बरोबर होते. मागांची खटखट गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होती. ओट्यावर तिची आजी, नरसव्वा, बसलेली.

"पोरगी बाजूला बसलीया बाई," ती म्हणाली. "शिवता यायचं न्हाय."

"मी कुठं शिवायला आलेय? बोलायला आलेय. बोललं की बाटतं का?"

नरसव्वाने जरा विचार केला. "बोलून काय होत न्हाय."

"मग झालं की."

"तुमच्यात न्हाय का हे?"

"आमच्यात न्हाय. पण तुमच्या दारात तुमचं."

बाई ओट्यावर बसल्या, पट पसरला. राजमणी आतल्या कोपऱ्यात पोत्यावर. बाईंनी पटाच्या उभ्या पट्ट्यांना अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ अशी नावं दिली होती आणि आडव्या ओळींना एक ते आठ आकडे. राजमणी आतून सांगे, "उंट इ चार," आणि बाई तिचा उंट हलवत, मग आपली खेळी मोठ्याने सांगून तीही हलवत. मागांच्या आवाजात इ-ई आणि उ-ऊ सारखेच ऐकू येत, म्हणून 'पहिली इ', 'दुसरा ऊ' असं म्हणायचं ठरलं. येणारे-जाणारे थांबून बघत. कुणालातरी वाटलं की बाई मुलीला बाराखडी शिकवताहेत, आणि आठवीतल्या मुलीला अजून येत नाही म्हणून त्याने हळहळ व्यक्त केली.

दोन वर्षं हे असं चाललं. राजमणीच्या घरी, आणि अशाच आणखी काही घरी. मुली टिकल्या. नरसव्वा सुरुवातीला पाठ करून बसे, मग तिरकी, मग सरळ पटाकडे तोंड करून. एकदा बाई खेळीचा विचार करत असताना ती सुपारी कातरत म्हणाली, "ते काळं घोडं मरतंय की तुमचं." आणि ते खरोखरच मरत होतं.

राजमणी दहावीत गेली तेव्हा पुण्याला शाळकरी मुलींच्या स्पर्धा होत्या. तिचे वडील एका अटीवर तयार झाले. "ही एक बारी जाऊ द्या. त्यानंतर बास. मग घरातलं बघू दे तिला." म्हणजे पुण्याची स्पर्धा हे राजमणीचं शेवटचं बुद्धिबळ. बाईंनी अट मान्य केली. वाटेत एस.टी.त मला म्हणाल्या, "ती जिंकू दे. जिंकलेल्या पोरीला बास म्हणणं जड जातं."

आम्ही पुण्यात माझ्या मावशीकडे उतरलो. स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात होती. टेबलं, घड्याळं, भिंतीला टेकून बसलेल्या आया आणि त्यांचे डबे. राजमणीने असं काही बघितलेलं नव्हतं, पण पट मांडला की तिला बाकीचं दिसेनासं होई. ती जिंकत गेली. शेवटच्या डावापर्यंत ती बक्षिसाच्या जवळ होती आणि त्या डावातही तिची बाजू वरचढ होती. समोरची मुलगी पुण्याचीच, गोरी, चष्मेवाली, बोटं मोडायची सवय असलेली.

डाव मध्यावर असताना राजमणी उठून बाहेर गेली. परत येताना आमच्यापाशी थांबली. तोंड उतरलेलं.

"बाई, मला बाजूला बसायला लागंल."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. तिचा वेळ चालू होता. "काही होत न्हाय," त्या म्हणाल्या. "जा. खेळ."

मी तिला माझ्या पिशवीतलं लागेल ते दिलं. ती सावरून टेबलाशी गेली. दोन्ही हात मांडीवर ठेवून बराच वेळ बसली, आणि मग खेळली. मला वाटलं, निभावलं.

पुढचा प्रकार माझ्या लक्षात यायला वेळ लागला. बाईंना आधी कळलं. त्यांनी माझा दंड धरला. समोरच्या मुलीने गडबडीत आपला हत्ती राजमणीच्या उंटाच्या वाटेत ठेवला होता. पाचवीतल्या मुलीने उचलला असता, इतका उघडा. राजमणीने बघितलं आणि आपला राजा एक घर बाजूला सरकवला.

"ती मारत न्हाय," बाई पुटपुटल्या.

खरंच, ती मारत नव्हती. मोहरा मारायचा म्हणजे समोरच्याचा मोहरा स्वतःच्या हाताने पटावरून उचलायचा. राजमणी फक्त आपले मोहरे हलवत होती, तेही समोरचीला मारता येणार नाहीत अशाच घरांत. काहीही न मारता जिंकायचा ती प्रयत्न करत होती, आणि काही वेळ असं वाटलंही की जमेल. मग समोरच्या मुलीचं एक प्यादं पुढे येऊन तिच्या राजाला अगदी खेटून उभं राहिलं. राजाने खाल्लं असतं तर संपलं असतं. राजमणीने राजा दुसरीकडे नेला. प्यादं शेवटच्या घरात पोहोचलं, त्याचा वजीर झाला, आणि राजमणीने आपला राजा आडवा केला. समोरच्या मुलीने हात पुढे केला. हिने लांबूनच नमस्कार केला.

बाईंना बोलायची परवानगी नव्हती. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

मावशीच्या घरी राजमणी आपणहून मागच्या गॅलरीत चटईवर जाऊन बसली. मावशीने काही न विचारता तिचं ताट वेगळं केलं. ऊन उतरल्यावर मी चहा घेऊन गेले तेव्हा बाई पट आणि डबा घेऊन तिच्यासमोर बसल्या होत्या.

"मांड," बाई म्हणाल्या.

"तुम्ही मांडा. मी सांगते."

"आज मी मांडणार न्हाय." त्यांनी डबा तिच्यापुढे सरकवला. "हत्ती फुकट होता. दिसला न्हाय?"

"दिसला की."

"मग?"

राजमणी चटईची काडी सोलत राहिली. "माझे तर बाटलेच होते. तिचे तरी नको म्हटलं. तिला ठाऊक न्हवतं की बाई. तिची आई डबा घेऊन बसली होती. तशाच हातानं जेवली असती ती."

म्हणजे भीती स्वतःसाठी नव्हतीच. दुसऱ्या मुलीला न सांगता फसवायचं नाही, एवढ्यासाठी ती हरली होती.

बाई म्हणाल्या, "हे तुला मी शिकवलं. ओट्यावर बसून मीच म्हणाले, शिवायला आले न्हाय. तू आतनं ऐकत होतीस. तुमच्या दारात तुमचं, म्हणाले. लई शहाणपणा केला असं वाटत होतं मला."

मग त्यांनी गळ्यातला दोरा पदराआडून वर ओढला. त्याला चांदीची एक छोटी डबी होती. तिच्यात लिंगायत माणसाचं स्वतःचं शिवलिंग असतं. लहानपणी दीक्षा होते तेव्हा ते गळ्यात येतं आणि मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. दुसरं कुणी त्याला हात लावत नाही.

"हा माझा देव. माझ्या लेकीनं बी ह्याला कधी हात लावलेला न्हाय. लाव."

"नको बाई."

"हुकूम न्हाय करत. लावावा वाटला तर लाव."

राजमणीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने दोन बोटं पुढे केली आणि डबीला टेकवली. बाईंनी ती परत पदराआड सोडली. "आता उद्या सकाळी मी ह्याचीच पूजा करणार. बघ काय होतंय ते. मांड."

राजमणीने पट मांडला. डाव तिला पहिल्या खेळीपासून पाठ होता. हत्तीपाशी आल्यावर ती थांबली, मग उंट उचलून त्या घरात ठेवला आणि समोरचीचा हत्ती हाताने उचलला. तो कुठे ठेवायचा हे न सुचून तिने मुठीतच धरला.

"बरं," बाई म्हणाल्या. "आता पुढं खेळ. अजून जिंकलेली न्हाईस."

सोलापूरला परतल्यावर बाई मला घेऊन नरसव्वाकडे गेल्या. मी वाटेत म्हटलं की हे सांगायलाच हवं असं नाही. बाई म्हणाल्या, "पोरगी परक्या पोरीला फसवंना. मी ह्या म्हातारीला फसवू व्हय?" ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. पाळी आल्यावरही मीच तिला खेळायला बसवलं, तिला शिवले, माझ्या देवाला शिवायला लावलं. आणि यापुढे मी इथे येऊन तिचे मोहरे हलवणार नाही. तिचे ती हलवील.

नरसव्वाचा अडकित्ता थांबला. "मग उठा माझ्या ओट्यावरनं."

बाई उठल्या, चपला घातल्या. राजमणी आत कांड्या भरत होती. तिने मान वर केली नाही.

वडिलांची अट होतीच. राजमणी शनिवारी येईनाशी झाली. इतर घरांतही बाईंनी तेच सांगितलं. पट मुलीच्या हाताशी ठेवणार, मोहरे तिनेच हलवायचे. काही घरांनी ऐकलं, काही दारं बंद झाली. दोन-तीन चांगल्या मुली कायमच्या गेल्या. मी एकदा विचारलं, जुनी पद्धत बरी नव्हती का, निदान त्या खेळत तरी होत्या. बाई नकाशाची गुंडाळी बांधत होत्या. "खेळत होत्या," त्या म्हणाल्या. "पण पटापासून हातभर लांब बसायचं असतं, हे बी शिकत होत्या."

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी नकाशांच्या खोलीच्या दारात नरसव्वा उभी राहिली. मागे राजमणी.

"हिचं डोकं फिरवलंत तुमी," नरसव्वा म्हणाली.

"बसा आजी."

"बसायला न्हाय आले. त्या चार दिवसांत भिंतीशी खेळी बोलतीया ही. मी समोर बसले तर मला हरवतीया."

"तुम्ही खेळता?"

"बघून बघून येतंय की. त्यात काय हाय एवढं?" तिने पदर सावरला. "पण तिला बरोबरीचं कोण तरी पायजे का न्हाय? हे बघा. घरात माझं चालंल. हितं कोण काय शिवतंय ते बघायला मी येत न्हाय. हिच्या बापाला मी सांगितलंय."

"काय सांगितलंत?"

"गप बस म्हनून."

एवढं बोलून ती सतरंजीवर टेकली आणि तिने पाणी मागितलं. एका मुलीने तांब्या आणून दिला. खोलीत सगळ्या जातीधर्मांच्या मुली होत्या. नरसव्वाने कुणाच्या हातचं ते विचारलं नाही. घटाघटा प्यायली आणि राजमणीला म्हणाली, "बस की. उभी का?"

पुढच्या वर्षी मुलींच्या स्पर्धेत राजमणी तिसरी आली. पहिली यायला हवी होती असं बाईंचं मत होतं आणि ते त्यांनी तिला तोंडावर सांगितलं. मॅट्रिकनंतरही ती शनिवारी येत राहिली, धाकट्या मुलींना शिकवायला. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याकडच्या मंडळींना नरसव्वानेच सांगितलं की शनिवारी दुपारी मुलगी घरी नसते.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते एका मे महिन्यात. तुमच्या आजोबांची बदली झाली होती आणि मी शाळेत कागद न्यायला गेले होते. सुट्टीमुळे शाळा रिकामी. बाई व्हरांड्यात जमिनीवर बसून, समोर मोहरे ओळीने मांडून, एका फडक्याला तेल लावून ते पुसत होत्या. इतक्या वर्षांत पांढरे मोहरे काळपट झाले होते आणि काळ्यांचा रंग उडून लाकूड दिसत होतं. मी म्हटलं, "बाई, आता रंगवून घ्या. कोणते कुणाचे ते कळत नाही."

बाईंनी एक पांढरा हत्ती उजेडात धरला, पुसला, पुन्हा बघितला. "पोरींना कळतंय," त्या म्हणाल्या. "हात लागून लागून झालेत असे. असू द्यात." मग मला बसायला सरकून जागा दिली, पण माझा टांगा थांबला होता. मी फाटकातून वळून पाहिलं तेव्हा त्या पुढचा मोहरा हातात घेऊन बसल्या होत्या. त्यानंतर आमची भेट झाली नाही. काही वर्षांनी त्या गेल्याचं कळलं.

गेल्या वर्षी राजमणीचा फोन आला होता. तिला नातवंडं आहेत. सासरचा टॉवेलचा कारखाना आता तिचा मुलगा बघतो. शाळेची जुनी इमारत पाडून नवी बांधली आहे, नकाशांची खोली राहिलेली नाही. शनिवारी दुपारी नव्या इमारतीतल्या एका वर्गात राजमणी मुलींना बुद्धिबळ शिकवते. महिन्यातल्या कुठल्याही दिवशी मुली येतात आणि आपले मोहरे आपण हलवतात.